पांढरीपासून प्राप्तिकरापर्यंत : नागपूरचे धनिक, ठेकेदार आणि सरकारी करभार

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात कुलवृत्तांत, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली आणि दिवंगत धुरीणांची चरित्रे यांस अग्रस्थान मिळावे, हे रीतसरच आहे. कराच्या रुक्ष विषयावर कोणी लिहू लागला तर वाचक पाने उलटून पुढे जाईल, ही भीती मनात बाळगूनच आम्ही लेखणी हाती घेतली आहे. तथापि आपल्या ज्ञातीतील ज्या घरांत मालगुजारी, पेढी किंवा ठेकेदारी होती, त्या घरांच्या ओसरीवर विसाव्या शतकात ज्या विषयाची चर्चा सर्वांत अधिक झाली, तो विषय राजकारण नव्हे, धर्मकारणही नव्हे, तो प्राप्तिकर होय. ज्या गोष्टीने दोन पिढ्यांच्या झोपेवर, वाटण्यांवर आणि दानधर्मावर परिणाम घडविला, तिला आपल्या इतिहासात एक परिच्छेदही मिळू नये, हे आम्हांस उचित वाटत नाही.

नागपूरकरांस उत्पन्नावरील कर इंग्रजांनी प्रथम शिकविला, असा एक समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. आपल्याकडे गावाची भूमी दोन रंगांची मानीत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे घरे बांधून राहण्याची जागा. काळीवर सारा असे. पांढरीवर राहणारा जो सावकार, विणकर, तेली, सोनार किंवा दुकानदार नांगर धरीत नसे, त्याच्यावर भोसल्यांच्या राज्यात निराळी पट्टी असे, तिचे नावच 'पांढरी' पडले. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२७ साली नागपूर राज्याविषयी जो अहवाल लिहिला, तो या राज्याच्या महसुलाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. मराठेशाहीतील पेठांची सर्वसाधारण रीत अशी की, अशा पट्टीची वाटणी शेटे-महाजनांच्या आणि व्यवसायाच्या वा ज्ञातीच्या चौधऱ्यांच्या मध्यस्थीने होई. कोणाची ऐपत किती, हे वहीवरून नव्हे, शेजाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरे. त्यात अन्याय होत नसेल असे कोण म्हणेल? परंतु शेजाऱ्याच्या डोळ्यांतून सुटणे वहीतून सुटण्यापेक्षा फार कठीण असते, एवढे मात्र खरे. इंग्रजांसही ही पट्टी इतकी सोयीची वाटली की, १८५४ मध्ये राज्य खालसा केल्यानंतरही त्यांनी ती मोडली नाही. उलट मध्यप्रांतासाठी १८६७ साली पांढरीचा स्वतंत्र कायदा केला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत ती चालविली.

अखिल हिंदुस्थानासाठी प्राप्तिकर आला तो १८६० साली. सत्तावनच्या उठावाने सरकारी खजिना रिता झाला होता, तो भरण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थशास्त्रज्ञास विलायतेहून पाठविण्यात आले. दोनशे ते पाचशे रुपये वार्षिक उत्पन्नावर शेकडा दोन आणि त्याहून अधिक उत्पन्नावर शेकडा चार, असा तो कर होता. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने त्यास इतका उघड विरोध केला की, त्यास पदावरून परत बोलाविण्यात आले. विल्सन स्वतः त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यास वारला. येथे नागपूरकरांच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विल्सनच्या हाताखाली त्या वेळी जो तरुण साहाय्यक काम करीत होता, तो रिचर्ड टेम्पल पुढे दोनच वर्षांत नव्या मध्यप्रांताचा मुख्य आयुक्त होऊन नागपुरास आला. पुढे १८६८ पासून तो हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य होता. त्याच्याच कारकीर्दीत हा कर पुन्हा सुरू झाला, १८७० साली तीन टक्क्यांच्या वर चढला, आणि १८७३ साली लॉर्ड नॉर्थब्रुकने तो रद्द केला. म्हणजे मध्यप्रांताची घडी बसविणारा पुरुष आणि प्राप्तिकराचा पुरस्कर्ता पुरुष एकच होता. शेकडा तीन! आजच्या वाचकास हसू येईल. पण त्या काळच्या धनिकाचा आक्षेप रकमेस नव्हताच. सरकारी कारकुनाने आपली वही उघडावी, आपल्या तिजोरीत किती आहे हे गावच्या कचेरीत बोलले जावे, हा अपमान त्यास सहन होत नव्हता. पुढील शंभर वर्षांत दर बदलले, कायदे बदलले, परंतु हा मूळ सल मात्र बदलला नाही, असे आमचे मत आहे.

१८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर कायमचा झाला. पाचशे रुपयांखालील उत्पन्न मुक्त आणि दोन हजारांवरील उत्पन्नास रुपयामागे पाच पै, हे त्याचे दर. मुक्तीची मर्यादा हजारावर न्यावी, अशी मागणी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात केली आणि पुढील वर्षी ती मान्य झाली. परंतु या कायद्यातील खरी मोठी गोष्ट दर नव्हे. शेतीचे उत्पन्न या करातून वगळले गेले, ती खरी मोठी गोष्ट होय. आमच्या प्रदेशात तिचा परिणाम दूरवर झाला. पैसा मिळवावा सावकारीत, गिरणीस कापूस पुरविण्यात किंवा ठेक्यात, आणि ठेवावा गाव विकत घेऊन मालगुजारीत, ही जी रीत नागपूर, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांतील सधन घरांत दिसते, तिच्यामागे जमिनीची प्रतिष्ठा तर होतीच. परंतु जमिनीचे उत्पन्न प्राप्तिकर-अधिकाऱ्याच्या हद्दीबाहेर होते, हेही विसरता येत नाही. याच विषमतेची दुसरी बाजू डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना दाखविली. प्राप्तिकरात किमान मर्यादेखालील मनुष्य सुटतो, परंतु शेतसारा एका बिघ्याच्या धन्यासही सोडीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. थोर मालगुजारास दोन्ही बाजूंनी लाभ होता आणि लहान शेतकऱ्यास एकाही बाजूने नव्हता, हे आमच्याच ज्ञातीच्या इतिहासावरून कोणासही पडताळून पाहता येईल.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अधिकर आला आणि १९२२ च्या कायद्याने सारी व्यवस्था नव्याने बांधली. तेव्हापावेतो नागपूरच्या धनिकवर्गाचे स्वरूपही पालटले होते. १८६७ साली आगगाडी आली. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीजच्या खाणी निघाल्या, आणि कामठीच्या छावणीस पुरवठा करणारे, रेल्वेचे भराव घालणारे, जंगल व आबकारीचे लिलाव घेणारे असे ठेकेदार उदयास आले. कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण हे याच काळातील खाणमालक. त्यांनी १९३० साली मृत्युपत्राने आपली विपुल संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास दिली, आणि तिच्यातून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. त्या वेळी देशात मृत्युकर नव्हता आणि प्राप्तिकराचा दरही पुढील काळाच्या मानाने सौम्य होता. दान दिले ते कर वाचविण्यासाठी, असे त्यांच्याविषयी कोणासही म्हणता येणार नाही. पुढील पिढीतील दात्यांविषयी हे इतक्या निःशंकपणे सांगता येत नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धाने सर्व चित्र पालटले. लष्करी कामांचा पैसा वाहू लागला आणि त्याच्या मागोमाग १९४० साली जादा नफ्यावरील कर आला. प्रथम शेकडा ५०, मग पुढील वर्षी शेकडा ६६⅔. १९४४ साली वर्ष संपण्यापूर्वीच आगाऊ कर भरण्याचा नियम झाला. ठेकेदाराच्या मनात प्राप्तिकराविषयी जी अढी बसली, ती याच काळात पक्की झाली असावी. ती अढी समजून घेण्यास ठेकेदारीचा व्यवहारच थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

दुकानदाराची विक्री सरकारास ठाऊक नसते. वकिलाची फी अशिलासच ठाऊक असते. ठेकेदाराचे तसे नाही. त्यास पैसा देणारे बहुधा सरकारच, म्हणून त्याच्या हाती आलेला एकूण एक रुपया बांधकाम खात्याच्या मोजमाप-पुस्तकात आणि कोषागाराच्या वहीत आधीच नोंदलेला असतो. जमेच्या बाजूने तो उघडा. खर्चाच्या बाजूने मात्र सर्व अंधार! मजुरी हजेरीपटावरील अंगठ्यांनी सिद्ध व्हायची. मुरूम, रेती, चुना बैलगाडीवाल्याकडून यायचा, त्याची पावती कोठली? मुकादमास दिलेली उचल, पावसाळ्यात वाहून गेलेला भराव, आणि ज्या खर्चाचे नाव कोणत्याही वहीत लिहिता येत नाही तो खर्च, हे सर्व अधिकाऱ्यापुढे मांडावे कसे? मग अधिकारी वह्या अमान्य करी आणि एकूण बिलाच्या शेकडा दहा किंवा साडेबारा हा नफा असे अनुमानाने ठरवी. ज्या ठेकेदाराने खरोखर शेकडा वीस मिळविले, तो मनातल्या मनात संतुष्ट असे. ज्यास शेकडा पाचच सुटले, त्याच्यावर मात्र न मिळालेल्या पैशाचा कर बसे. त्यात अनामत रक्कम खात्याकडे अडकलेली आणि शेवटचे बिल दोन-दोन वर्षे लोंबकळत असलेले. प्रामाणिक मनुष्यास या पद्धतीत विशेष लाभ नव्हता, हे कबूल केलेच पाहिजे.

यातील एक कूटप्रश्न तर फार वर्षे चालला. सरकार ठेकेदारास सिमेंट आणि लोखंड आपल्या गोदामातून पुरवी व त्याची किंमत बिलातून कापून घेई. मग अनुमानाने नफा धरताना ही किंमत बिलात मिळवावयाची की नाही? मिळविली तर ज्या मालावर ठेकेदाराने दमडीही कमावली नाही, त्यावरही नफा धरला जातो. अखेर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने लष्करी बांधकाम करणाऱ्या एका पेढीच्या प्रकरणात निर्णय दिला की, असा सरकारी माल सरकारचाच राहतो, त्याची किंमत नफ्याच्या हिशेबात धरता येत नाही. ज्यांस कायद्याची पुस्तके नीरस वाटतात, त्यांनी हा निर्णय एखाद्या वृद्ध ठेकेदाराकडून समजून घ्यावा. तो रंगून सांगेल!

स्वातंत्र्यानंतर करांची जी चढण लागली, तिच्यावर दोन महाराष्ट्रीय अर्थमंत्र्यांची नावे कोरलेली आहेत. चिंतामणराव देशमुखांच्या कारकीर्दीत १९५३ साली संपदा-शुल्क, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरील कर, सुरू झाले. त्याच सुमारास, ३१ मार्च १९५१ पासून, मध्यप्रदेशात मालगुजारी संपली होती. पिढ्यान्पिढ्या पैसा साठविण्याची जी सुरक्षित कोठी होती, तीच नाहीशी झाली. अनेक मालगुजार-घराण्यांतील मुले ठेकेदारीकडे वळली ती याच काळात. १९५६ साली केंब्रिजचे प्राध्यापक काल्डोर यांनी भारताच्या करपद्धतीवर अहवाल दिला. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर तेव्हा ९० टक्क्यांच्या वर होता, तो ४५ वर आणावा आणि त्याच्या जोडीस संपत्तिकर, व्ययकर, दानकर बसवून पळवाटा बुजवाव्या, असे त्यांचे सूत्र होते. सरकारने नवे कर तत्परतेने घेतले. दर मात्र ४५ वर कधी आणला नाही. वैद्याने औषध आणि पथ्य दोन्ही सांगावे, आणि रोग्याने औषध दुप्पट घेऊन पथ्य सोडून द्यावे, त्यातलाच हा प्रकार. व्ययकर १९६२ साली गेला, १९६४ साली परत आला, १९६६ साली पुन्हा गेला.

चढणीचा कळस यशवंतराव चव्हाणांच्या काळी गाठला गेला. १९७०-७१ साली इंदिरा गांधींनी स्वतः मांडलेल्या अंदाजपत्रकात दोन लाखांवरील उत्पन्नावर अधिभारासह ९३.५ टक्के कर होता. पुढील वर्षी चव्हाणांनी अधिभार वाढविला आणि तो ९७.७५ टक्के झाला. म्हणजे दोन लाखांच्या वर मिळविलेल्या प्रत्येक रुपयातून मिळविणाऱ्याच्या हाती सव्वादोन पैसे राहत. त्यावर संपत्तिकर निराळा. दोन्हींची बेरीज कित्येक प्रसंगी उत्पन्नाहून अधिक होई. भांडवल मोडल्याशिवाय कर भरता येत नसे. १९७२ साली ठेकेदारांच्या बिलातूनच शेकडा दोन व उपठेकेदारांच्या बिलातून शेकडा एक कर कापून घेण्याचे कलम आले. पाच हजारांवरील प्रत्येक ठेक्यास ते लागू झाले. १९४४ चा आगाऊ कर निदान स्वतःच्या हाताने भरावयाचा होता, हा तर हाती येण्यापूर्वीच गेला, असा त्यावरचा ओसरीवरील अभिप्राय होता.

धनिकांची या दरांविषयीची मते तेव्हा आम्ही जी ऐकली, ती तीन प्रकारची होती. काहीजण म्हणत, ही उघड लूट आहे, आणि लुटारूपासून धन लपविणे हे पाप नव्हे. काहीजण म्हणत, मग कष्ट कशास करावे? एक काम पुरे झाले, दुसरे टेंडर भरू नये. आणि काहीजण, हेच बहुसंख्य, काहीच न म्हणता वकिलाकडे जात. एका पेढीच्या तीन पेढ्या होत. पत्नी, भाऊ, मेहुणा भागीदार होत. एकत्र कुटुंब ही आपली प्राचीन संस्था कायद्याने स्वतंत्र करदाता मानली असल्याने, जो भाऊ भावाशी जन्मात भांडला नाही तोही कागदोपत्री वाटणी करून घेई, आणि ज्यांचे प्रत्यक्षात पटत नव्हते ते कागदोपत्री एकत्र राहत! आमच्या मते या काळाने एकत्र कुटुंबाचे जे नुकसान केले, ते सुनांच्या भांडणांनी केले नसेल. कागदी वाटणी दहा वर्षांत खरी वाटणी झाली, अशी उदाहरणे वाचकांच्या डोळ्यांसमोर असतीलच.

उरलेला पैसा रोखीत राहिला. एके काळी काळीवर एक कर होता आणि पांढरीवर दुसरा. आता काळा आणि पांढरा हे पैशाचेच दोन रंग झाले.

निवृत्त सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ साली स्पष्ट सांगितले की, करचुकवेगिरीचे पहिले कारण दरांची ही उंचीच होय, आणि सर्वोच्च दर ७५ पर्यंत उतरवावा. ज्या चव्हाणांनी दर ९७.७५ वर नेला, त्यांनीच १९७४ साली तो ७७ वर आणला. राज्यकर्त्याने आपली चूक आपल्या हाताने सुधारावी, हे आपल्याकडे दुर्मीळ आहे, म्हणून हे श्रेय त्यांस दिले पाहिजे. पुढे १९७६ साली ६६, १९८५ साली ५०, १९९२ साली ४० आणि १९९७ साली ३० असा तो उतरत गेला. संपदा-शुल्क १९८५ साली, दानकर १९९८ साली आणि संपत्तिकर २०१५ साली इतिहासजमा झाले. लहान ठेकेदारांसाठी १९९४ साली बिलाच्या शेकडा आठ हा नफा मानून वह्यांच्या जाचातून सुटका देणारे कलम आले. म्हणजे अधिकाऱ्याचे जुने अनुमानच कायद्याने, पण सौम्य दराने आणि दोघांच्या संमतीने, मान्य केले.

आता धनिकांच्या तक्रारीचे दुसरे अंग. ९७.७५ हा आकडा ओसरीवर जितका ऐकू येई, तितका कर-आकारणीच्या आदेशात दिसत नसे. दोन लाखांवरचे उत्पन्न उघडपणे दाखविणारे लोक किती होते? ज्याने पेढीचे तीन तुकडे केले, त्याचा दर त्या आकड्याजवळही पोचत नव्हता. तो दर खऱ्या अर्थाने भोगला तो ज्यांस काही लपविता येत नव्हते त्यांनी, म्हणजे मोठ्या पगाराच्या नोकरांनी व लाभांशावर जगणाऱ्यांनी. आणखी एक गोष्ट ठेकेदारबंधूंस कटु वाटेल, तरी लिहितो. १९६२ च्या चीन युद्धानंतर अंबाझरीस उभा राहिलेला शस्त्रनिर्मितीचा कारखाना, कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र, पेंचचे धरण आणि कालवे, विदर्भातील शेकडो मैलांचे रस्ते, ही कामे ज्या पैशांतून निघाली, तो पैसा करांतून आणि कर्जांतूनच आला होता. ठेकेदाराच्या चुलीतील लाकूड सरकारी खजिन्यातूनच येते. खजिना भरू नये आणि बिल मात्र वेळेवर निघावे, ही अपेक्षा परस्परविरोधी आहे. दर असह्य होता हे खरे, परंतु दर ३० वर आल्यावर सर्व रोकड वहीत आली काय? १९९७ साली उत्पन्न स्वेच्छेने घोषित करण्याची योजना त्याच ३० टक्के दराने काढावी लागली, यातच उत्तर आहे.

या सर्व इतिहासात आपल्या ज्ञातिसंस्थांचाही एक अध्याय आहे, आणि या अंकाच्या वाचकांस तो सर्वांत जवळचा आहे. उंच दरांच्या काळात धर्मादाय न्यासांचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांचे लक्ष दानाकडे वळले. वसतिगृहे, मंगल कार्यालये, शिष्यवृत्तिनिधी यांस त्याचा लाभ झाला. परंतु १९६१ च्या अधिनियमाने असे ठरविले की, १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एखाद्याच धर्मसमुदायाच्या वा ज्ञातीच्या हितासाठी असेल तर त्यास करमुक्ती नाही. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि बालके यांच्यासाठीचे न्यास मात्र यातून वगळले. त्यापूर्वीच्या संस्थांस हा नियम लागू नव्हता. अहमदाबादच्या राणा ज्ञातीच्या संस्थेच्या प्रकरणात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यान्वये असेही म्हटले की, एका नगरातील एका ज्ञातीचे लोक हादेखील जनतेचाच एक भाग होय, तेव्हा त्यांच्यासाठीचे कार्य धर्मादायच ठरते. नव्या संस्थांपुढे मात्र दोनच वाटा उरल्या : घटनेतून ज्ञातीचे नाव काढून दार सर्वांस उघडावे, किंवा नाव ठेवून कर भरावा.

यावर ज्ञातिसंस्थांत कडाक्याचे वाद झाले आणि होतात. ज्यांनी दार उघडले, त्यांच्या वसतिगृहांत आज गोंदिया-गडचिरोलीकडील इतर समाजांची मुले एकाच पंगतीस बसतात. ती उघडण्याची प्रेरणा बंधुभावाची होती की कलमाची, हे त्या मुलांस ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. आमचे मत विचाराल तर आम्ही दार उघडणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. कार्यकारिणीतील काही वडीलधारी मंडळी या मताची नाहीत, आणि त्यांचाही आम्हांस आदर आहे.

प्राप्तिकर-अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण-महाविद्यालय १९५७ साली आपल्याच नागपुरात स्थापन झाले. आज ते छिंदवाडा मार्गावर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी म्हणून ओळखले जाते. देशभरातील तरुण अधिकारी ठेकेदाराच्या वह्या कशा वाचाव्या हे तेथे शिकतात, आणि त्याच मार्गावरून ठेकेदारांचे रेतीचे ट्रक जातात. या अंकाच्या शेवटच्या पृष्ठांवर ज्ञातिबांधवांच्या पेढ्यांच्या ज्या जाहिराती आहेत, त्यांविषयीही एक खुलासा करावासा वाटतो. १९७८ साली राजकीय पक्षांच्या स्मरणिकांतील जाहिरातींचा खर्च व्यवसायाच्या खर्चातून वगळण्यात आला. आपली स्मरणिका त्या वर्गात मोडत नाही. तेव्हा जाहिरातदार बंधूंनी पावती मागून घ्यावी. चिटणीसांनी ती देण्याचे मान्य केले आहे.